फिटच्या गोळ्या आणि पोटातले बाळ

"फिटच्या गोळ्या चालू आहेत आणि आता दिवस राहिले आहेत, गोळ्या बंद करायच्या का?" हा प्रश्न दवाखान्यात बहुधा सासूबाई विचारतात. सून मान खाली घालून बसलेली असते आणि नवरा दाराबाहेर उभा असतो. या प्रश्नाला घरीदारी दोन उत्तरे मिळतात. एक म्हणजे, "आजच्या आज बंद करा, बाळ अपंग होईल." दुसरे म्हणजे, "काही होत नाही, चालू द्या." दोन्ही उत्तरे घातक आहेत. पहिल्याने आईचा जीव जाऊ शकतो आणि दुसऱ्याने बाळाच्या शरीराचे व बुद्धीचे कायमचे नुकसान होऊ शकते. म्हणून आजच्या लेखात हा विषय जरा विस्ताराने घेत आहोत.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मोलगीला गेले की हा प्रश्न आणखी बिकट होतो. मोलगीत ग्रामीण रुग्णालय आहे, पण भोवतालचे पाडे सातपुड्याच्या डोंगरात दूरदूर पसरलेले. मेंदूविकारतज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकदा धुळे, नाशिक किंवा सुरतेची वाट धरावी लागते. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीला परत येतात. मधल्या काळात गोळ्या कोण देणार आणि तपासणी कोण करणार? शहरातल्या बाईला जो सल्ला एका फेरीत मिळतो, तो येथे तीन-चार फेऱ्यांनीही पदरात पडत नाही. म्हणूनच येथल्या आशाताईंना, अंगणवाडीताईंना आणि शिक्षकांना ही माहिती असणे शहरातल्या डॉक्टरला असण्याइतकेच गरजेचे आहे.

आधी रोगाविषयी थोडेसे. अपस्मार, फेफरे, मिरगी, आकडी, फिट ही सारी एकाच विकाराची नावे. मेंदूतील पेशींचे काम सूक्ष्म विद्युतप्रवाहावर चालते. हा प्रवाह एकदम बेताल झाला की माणूस पडतो, हातपाय झटकतो, तोंडाला फेस येतो. जन्मताना बाळ गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूचा क्षयरोग, न धुतलेल्या भाजीपाल्यातून किंवा अस्वच्छ पाण्यातून पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी अशी याची अनेक कारणे आहेत. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे. त्यातून मेंदूचा झटका येऊन पुढे फिट सुरू झालेली मुलेही असतात. बाहेरची बाधा, देवीचा कोप यांचा यात काही संबंध नाही. बडव्याकडे जाऊ नका असे सांगून कोणी थांबत नाही, हे आम्हास ठाऊक आहे. जायचे तर जा, पण गोळी चुकवू नका, एवढेच सांगणे. नियमित गोळ्या घेतल्या तर दहापैकी सातजणांच्या फिट पूर्ण थांबू शकतात.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचे वाचून कोणी घाबरणार नाही. अपस्मार असलेल्या आणि गोळ्या घेणाऱ्या दहा बायकांपैकी नऊहून अधिक जणींना शारीरिक व्यंग नसलेली बाळे होतात. प्रश्न उरलेल्यांचा आहे आणि त्यातला बराचसा टाळता येण्याजोगा आहे.

सगळ्या गोळ्या सारख्या नाहीत

फिटवरची जुनी औषधे पाहा. फेनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे. गार्डिनाल या नावाने ती गोळी आपल्याकडे जुन्या लोकांना माहीत आहे. फेनिटॉइन १९३८ साली आले. इप्टॉइन म्हणून ते घरोघरी पोचले. पुढे कार्बामाझेपिन म्हणजे टेग्रेटॉल आले. या औषधांनी लाखो लोकांचे आयुष्य सावरले. पण गर्भावर त्यांचा काय परिणाम होतो हे पाहण्याचे बरीच वर्षे कोणाला सुचले नाही. १९६० च्या आसपास गर्भवतींना दिलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो मुले हातापायांविना जन्मली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. १९६८ साली एका ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने फिटच्या गोळ्या घेणाऱ्या आयांच्या मुलांत ओठ व टाळू दुभंगलेले असल्याचे लक्षात आणून दिले. १९७५ मध्ये अमेरिकेत फेनिटॉइनमुळे होणाऱ्या व्यंगांचे वर्णन झाले; लहान बोटे, लहान नखे, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, खुरटलेली वाढ.

सर्वांत गंभीर ठरले ते सोडियम व्हॅल्प्रोएट. एन्कोरेट, वॅल्पारिन अशा नावांनी ते आपल्याकडे मिळते. याची जन्मकथा गमतीची आहे. फ्रान्समध्ये १९६२ च्या सुमारास दुसरीच औषधे विरघळवण्यासाठी हा द्रव वापरत होते. ज्यात त्यात मिसळला ते प्रत्येक औषध फिट थांबवू लागले, तेव्हा गुण औषधाचा नसून द्रवाचा आहे हे ध्यानी आले. १९६७ साली ते फ्रान्समध्ये विक्रीस आले. औषध उत्तम. कित्येक प्रकारच्या फिटवर त्याच्याइतके गुणकारी दुसरे नाही. पण १९८२ साली फ्रान्समधल्याच लिओं शहरातून बातमी आली की हे औषध घेणाऱ्या आयांच्या बाळांत पाठीचा कणा उघडा राहण्याचे प्रमाण वाढलेले दिसते. पुढे कळले की नुकसान कण्यापुरते नाही, बुद्धीपर्यंत जाते.

आता आकडे. बेचाळीस देशांतील सात हजारांहून अधिक गर्भारपणांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. एकच औषध घेणाऱ्या बायकांच्या शंभर बाळांमागे मोठे जन्मजात व्यंग किती जणांत आढळले, ते असे: व्हॅल्प्रोएट १०, फेनोबार्बिटोन व फेनिटॉइन प्रत्येकी सुमारे ६, कार्बामाझेपिन ५ ते ६, टोपिरामेट सुमारे ४, लॅमोट्रिजिन आणि लेव्हेटिरासिटाम प्रत्येकी सुमारे ३. कोणतेही औषध न घेणाऱ्या सर्वसाधारण आईच्या बाळांतही शंभरी दोन-तीन व्यंगे असतातच. म्हणजे शेवटच्या दोन औषधांचा धोका जवळपास नेहमीइतकाच. व्हॅल्प्रोएटची मात्रा जास्त तर धोकाही जास्त. दिवसाला साधारण दीड हजार मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक घेणाऱ्यांत शंभरात पंचवीस बाळांना व्यंग होते. दोन-तीन औषधे एकत्र घेतली, विशेषतः त्यात व्हॅल्प्रोएट असले, तरी धोका वाढतो.

हे झाले डोळ्यांना दिसणारे व्यंग. न दिसणारे त्याहून वाईट, कारण ते शाळेत गेल्यावर कळते. अमेरिका व ब्रिटनमधील एका अभ्यासात आईने कोणते औषध घेतले होते त्याप्रमाणे सहा वर्षांच्या मुलांची बुद्धी मोजली. व्हॅल्प्रोएटच्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ९७ भरला, इतर औषधांच्या मुलांचा १०५ ते १०८. बोलायला उशीर, अभ्यासात मागे पडणे, स्वमग्नता, चंचलपणा अशा तक्रारी व्हॅल्प्रोएट पोहोचलेल्या शंभर मुलांपैकी तीस ते चाळीस जणांत दिसतात. मूल अंगाने धडधाकट असते, म्हणून मास्तर त्याला 'ढ' म्हणतात आणि बाप आळशी म्हणतो. खरे कारण आईच्या जुन्या कागदांत असते.

या औषधावरून फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये मोठा गदारोळ झाला. "आम्हाला कोणी सांगितलेच नाही," ही हजारो आयांची तक्रार. ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेल्या समितीने २०२० साली अहवाल दिला आणि बायकांचे म्हणणे वर्षानुवर्षे ऐकूनच घेतले गेले नाही असे स्पष्ट म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले की मूल होण्याच्या वयातील मुलींना व स्त्रियांना व्हॅल्प्रोएट सुरूच करू नये. दुसऱ्या कशानेच फिट थांबत नसतील, तेव्हाच त्याचा विचार होतो, तोही सर्व धोका समजावून व गर्भनिरोधाची सोय करून. आमचे मत असे की आपल्याकडे या बाबतीत अजून फार ढिलाई आहे. अर्धशिशीसाठी आणि मनाच्या आजारासाठीही हीच गोळी दिली जाते. डोकेदुखीसाठी ती घेणाऱ्या बाईला फिटशी आपला काही संबंध आहे असे वाटत नाही, म्हणून ती विचारतही नाही.

आपल्या देशातले काम सांगितले पाहिजे. धुळ्यातून वेगळा होऊन आपला नंदुरबार जिल्हा १९९८ साली झाला. त्याच साली तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत अपस्मार असलेल्या गर्भवतींची नोंदवही सुरू झाली. डॉ. संजीव थॉमस यांनी ती उभी केली. गर्भधारणेपूर्वी किंवा आरंभी बायकांची नोंद करायची, औषध व मात्रा लिहायची, बाळ जन्मल्यावर तपासायचे आणि पुढे काही वर्षे त्याची वाढ पाहायची, असे हे चिकाटीचे काम आहे. तेथे बाळांच्या हृदयातील दोष ठळकपणे पुढे आले. परदेशच्या आकड्यांवर विसंबून न राहता आपल्या बायकांचे आकडे त्यामुळे हाती आले.

सारा खेळ पहिल्या महिन्याचा

गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून बनतो, ती नळी गर्भ राहिल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. पाळी चुकून आठ-पंधरा दिवस होतात, बाई मनात हिशोब करते, नवऱ्याला सांगते, तोवर नळी मिटलेली असते किंवा उघडी राहून गेलेली असते. हृदयाची घडण आठव्या आठवड्यापर्यंत, ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत आणि टाळू त्यानंतर महिनाभरात पुरा होतो. मेंदू मात्र नऊही महिने वाढत असतो. यावरून दोन गोष्टी निघतात. तिसऱ्या महिन्यात घाबरून गोळी थांबवली तरी झालेले व्यंग परत फिरत नाही. आणि गोळी बदलायची ती दिवस राहण्यापूर्वी, निदान सहा महिने आधी. म्हणजे नवी गोळी लागू पडते की नाही हे पाहायला वेळ मिळतो. थोडक्यात, सल्ला घेण्याची खरी वेळ लग्न ठरते ती.

आणि येथेच घोडे अडते. मुलीला फिट येते हे लग्नात लपवले जाते. सासरी गेल्यावर गोळ्या कोणी पाहू नयेत म्हणून ती माहेरीच ठेवून येते. मग जागरण, दगदग, गोळी बंद, आणि पंधरा दिवसांत सर्वांसमोर फिट. लपवण्यामागे कायद्याचीही जुनी भीती आहे. अपस्मार असलेल्यांच्या लग्नाला हिंदू विवाह कायद्यात व विशेष विवाह कायद्यात अडसर होता, तो १९९९ साली काढून टाकला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तर २०२३ मध्ये, अपस्मार हा असाध्य रोग नाही, मानसिक विकारही नाही, त्या कारणाने घटस्फोट मिळणार नाही, असा निर्वाळा दिला. मुलीच्या बापाने हे ध्यानात ठेवावे. पुण्यात संवेदना फाउंडेशनसारखी संस्था अपस्मारग्रस्तांना व त्यांच्या घरच्यांना आधार देण्याचे काम करीत आहे.

गोळी अचानक थांबवली तर

व्हॅल्प्रोएटबद्दल इतके वाचल्यावर कोणी आज रात्रीची गोळी टाकून देईल, म्हणून जोर देऊन सांगतो: कोणतीही फिटची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अचानक बंद केल्यास एकामागून एक फिट येत राहतात, मध्ये शुद्ध येत नाही. यात मृत्यू ओढवतो. मोठी फिट चालू असताना आईचा श्वास अडतो आणि बाळाला प्राणवायू कमी पडतो. ती चुलीवर पडते, विहिरीच्या काठी पडते, नदीत कपडे धुताना पडते. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, बाळंतपणासाठी दाखल झालेल्या बायकांत अपस्मार असलेल्यांचा मृत्यूचा धोका इतरांच्या दसपटीहून अधिक आढळला. दिवस राहिल्याचे कळताच दोन-चार दिवसांत डॉक्टरांकडे जावे, तोवर आहे ती गोळी आहे त्या वेळेला घ्यावी. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तसे पहिल्या वाक्यातच सांगावे. गोळी बदलायची की मात्रा कमी करायची, हे फिटचा प्रकार पाहून ठरते.

उलट कित्येकदा मात्रा वाढवावी लागते. हे लोकांना विचित्र वाटते. गर्भारपणात शरीर औषधे लवकर बाहेर टाकते. लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर किंवा त्याखालीही येते, लेव्हेटिरासिटामचेही उतरते. पूर्वी थांबलेली फिट पाचव्या महिन्यात पुन्हा आली तर औषध 'लागू पडेनासे झाले' असे समजू नये. बाळंतपण झाल्यावर मात्रा पुन्हा उतरवावी लागते, नाहीतर गुंगी येते. सकाळी उलटीत गोळी पडून गेली तर काय करायचे, हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. लेव्हेटिरासिटाम २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे. लेव्हिपिल हे त्याचे एक बाजारी नाव. सरकारी रुग्णालयात त्याची मागणी जरूर करावी. काहींना त्याने चिडचिड होते, ते घरच्यांनी समजून घ्यावे.

फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मूल हवे असे ठरल्यापासूनच सुरू करायची. दिवस राहिल्यावर सुरू केली तर नळी मिटण्याची वेळ टळून गेलेली असते. ही स्वस्त गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. पाच मिलिग्रॅमची घ्यायची की कमी मात्रेची, ते डॉक्टर ठरवतील. मात्र फॉलिक अ‍ॅसिड घेतले म्हणजे व्हॅल्प्रोएटचा धोका पुसला गेला, असे मानू नये.

काठीची राजवाडी होळी पाहायला डोंगरातले सारे लोक लोटतात, रात्रभर ढोल वाजतो, पहाटे होळी पेटते. अपस्मार असलेल्या गर्भवतीने ही रात्र जागून काढू नये. जागरण आणि दारू ही फिट आणणारी दोन मोठी कारणे आहेत. पालणीचे उपवासही तिने धरू नयेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनीच सांगितले तर तिला ते सोपे जाते.

ऊसतोडीला जाताना निदान दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागून घ्याव्यात. गोळ्यांचे रिकामे पाकीट आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवावी. गुजरातेतल्या डॉक्टरला "पांढरी गोळी होती" एवढ्यावरून काही समजत नाही. १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान बाळाचे व्यंग पाहणारी सोनोग्राफी करायची असते. तेव्हा पाठीचा कणा, हृदय, ओठ बारकाईने पाहतात. नेमकी त्याच वेळी बाई फडात असते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी मोफत होते, ती तेथेही मिळते. मोठे व्यंग निघालेच, तर पुढे काय हे ठरवायला वेळ हाती हवा. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या बदलानंतर, गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने चोवीस आठवड्यांनंतरही मार्ग आहे. निर्णय मात्र त्या आईचाच.

प्रत्येक झटका मिरगीचा नसतो

पाचव्या महिन्यानंतर, पूर्वी कधीही फिट न आलेल्या बाईला झटके आले तर ते बहुधा वाढलेल्या रक्तदाबाचे असतात. आधी डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, चेहरा व हात सुजतात. येथे मिरगीची गोळी कामाची नाही. मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन लागते आणि त्याचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवायचे असते. "हिला वारे लागले" म्हणून बडव्याची वाट पाहण्यात आई आणि बाळ दोन्ही जातात. १०८ ला फोन करा. गाडी पाड्यावर येत नसेल तर झोळी करून रस्त्यापर्यंत आणा. आधीपासून मिरगी असलेल्या बाईचाही रक्तदाब अशा वेळी मोजलाच पाहिजे.

झटका चालू असताना तिला डाव्या कुशीवर वळवावे, डोक्याखाली कपड्याची घडी ठेवावी, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा, कांदा, पाणी काहीही घालू नये, चप्पल हुंगवू नये. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरी आली, तर दवाखाना.

बाळंतपण रुग्णालयातच करावे. कळा सुरू असतानाही गोळीची वेळ चुकवू नये. केवळ अपस्मार आहे म्हणून पोट कापावे लागत नाही. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन घेणाऱ्या आईच्या बाळात रक्त गोठण्यास लागणारे के जीवनसत्त्व कमी पडू शकते. जन्मताच त्याचे इंजेक्शन दिले आहे ना, हे विचारून घ्यावे. अंगावरचे दूध पाजावे. दुधातून औषध थोडेसे जाते, पण बाळाने ते पोटात असताना नऊ महिने घेतलेलेच असते. फेनोबार्बिटोनने बाळ फार झोपाळू झाले, ओढेनासे झाले, तर दाखवावे. आईने पाजताना खाली भिंतीला टेकून बसावे, बाळाला आंघोळ एकटीने घालू नये, आणि रात्रीची एखादी जाग दुसऱ्या कोणी काढावी.

नवऱ्याला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर? युरोपातील औषध नियामकांनी २०२४ साली पुरुषांनाही, मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोलण्याची सूचना दिली आहे. तेथील धोका आईच्या मानाने कमी आहे.

शेवटी पाळणा लांबवण्याविषयी. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन ही औषधे माला-डी, माला-एन यांसारख्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतात. संबंधानंतर घ्यायच्या तातडीच्या गोळीचाही करतात. गोळी घेऊनही दिवस राहिले अशी तक्रार करणाऱ्या बाईला फिटचे औषध चालू आहे का, हे आशाताईंनी आधी विचारावे. लॅमोट्रिजिनची गोष्ट उलटी. माला-डीने त्याचे रक्तातले प्रमाण घटून फिट येऊ शकते. तांबी बसवली तर यांपैकी कोणत्याही औषधाशी तिचा झगडा नाही, आणि अंतरा इंजेक्शनही चालते. दोन्ही सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.